एका हाताचा पगार

"तुझा पगार किती होता?"

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी हा प्रश्न विचारत आलो. कधी इस्पितळाच्या खाटेशी, कधी कुणाच्या पडवीत, एकदा तर चिरेखाणीच्या कडेवर उभं राहून. समोरचा बहुधा विशी-पंचविशीचा असायचा आणि त्याच्या अंगातलं काहीतरी नुकतंच कमी झालेलं असायचं. अशा वेळी त्याला आधी 'कसा आहेस' म्हणून विचारावं. पण माझ्या फॉर्मात तो रकाना नव्हता.

मी कुडाळला एका विमा कंपनीच्या शाखेत दाव्यांच्या विभागात होतो. कामावर असताना कामगार जायबंदी झाला तर मालकानं भरपाई द्यायची, असा कायदा आहे. जुना आहे, इंग्रजांच्या वेळचा. शहाणा मालक आधीच विमा उतरवून ठेवतो, म्हणजे मग ती भरपाई कंपनी देते. देण्याआधी ती किती हे कुणीतरी ठरवावं लागतं. कंपनीच्या बाजूनं ते ठरवणारा या भागातला माणूस मी. पाहुण्यांनी 'आपण काय करता' असं विचारलं की मी 'हिशेब' म्हणून सांगत असे. पुढे कुणी काही विचारत नसे, आणि ते बरंच होतं.

हिशेब तसा सोपा. महिन्याचा पगार घ्यायचा, त्याचे साठ टक्के काढायचे, त्याला वयाच्या आकड्यानं गुणायचं. मग माणसाची कमावण्याची ताकद किती टक्के गेली ते बघून तेवढाच हिस्सा द्यायचा. टक्क्यांसाठी कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे. त्यात अंगठा, तर्जनी, एक डोळा, गुडघ्याखालचा पाय अशी माणसाची मोडतोड वाण्याच्या भावफलकासारखी ओळीनं लावून ठेवली आहे. वयाच्या आकड्याला गुणक म्हणतात. विशीच्या आसपास तो सव्वादोनशेच्या घरात असतो आणि साठी ओलांडली की शंभराकडे घसरतो. तारुण्यावर मी पुष्कळ वाचलं, व्याख्यानं ऐकली, सत्काराची भाषणं सहन केली. तारुण्याची किंमत दशांश चिन्हापर्यंत सांगणारा मजकूर मला फक्त त्या तक्त्यात भेटला.

माझा मुलगा कॉलेजात गेला तेव्हा एकदा टेबलाशी बसल्या बसल्या मी सहज त्याचा गुणक बघितला. मग तक्ता मिटून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. त्या दिवसानंतर तो मोटरसायकल घेऊन बाहेर पडला की परत येईपर्यंत माझे कान रस्त्याकडे असत. या कामानं माणूस शहाणा होतो की नाही ते ठाऊक नाही, भित्रा नक्की होतो.

सूत्रातलं बाकी सगळं छापील आहे. मोकळी जागा एकच, पगाराची. आणि तरुण माणसाच्या बाबतीत ती भरणं सगळ्यात कठीण. चाळिशीच्या माणसाची पगाराची पावती असते, बँकेत खातं असतं, निदान उधारी देणारा दुकानदार असतो. विशीतलं पोर 'शिकत' असतं. शिकत असतं म्हणून त्याला अर्धे पैसे, कधी नुसतं जेवण, कधी दिवाळीला एक शर्ट. हात मात्र तो पूर्ण घालतो. तो अर्धा घालता येत नाही.

शिवाय खरा आकडा कुणीच सांगत नाही. मालक कमी सांगतो, कारण विम्याचा हप्ता त्यानं कमी पगारावर भरलेला असतो. आई कमी सांगते, कारण पोराची कमाई चारचौघांत बोलली की नजर लागते. पोराचा हात तुटून पडलेला असतो, याहून आणखी कसली नजर लागायची, हे विचारायची सोय नसते. आणि पोर स्वतः जास्त सांगतं, कारण मित्रांना तसं सांगितलेलं असतं.

एका काजू कारखान्यातली मुलगी आठवते. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. तिची उजव्या हाताची बोटं भाजून एकमेकांना चिकटली होती. मी घरी गेलो तेव्हा पडवीत एक जाडजूड बाई बसल्या होत्या. मुलीनं त्यांच्याकडे बघत, वर्गात कविता म्हणावी तसा पगार सांगितला. मालकाच्या हजेरीपटावर होता त्याच्या जवळजवळ दुप्पट. मी मुकाट्यानं लिहून घेतला. निघताना ती धावत बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या दारापर्यंत आली.

"काका, माका तेवढो पगार गावणा नाय."

"मग सांगितलास कशाला?"

"ती माझी सासू होतली. लग्नाच्या बोलण्यात तसाच सांगितला हा. तुमी तां खोडा, पण त्येंका कळूक देव नकात."

बोटांचं तिनं एका शब्दानं विचारलं नाही. मी हजेरीपटावरचा आकडा धरला आणि फाइल कुणाच्या सासूला दाखवायची पद्धत कंपनीत नाही, असं तिला सांगितलं. तिला ते खरं वाटलं नाही. साहेब लोक काहीही दाखवू शकतात, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे.

आणखी एक. देवगडकडच्या एका बागेत आंबे काढताना एक पोर झाडावरून पडलं. पाय वाचले, पण कुबड्या लागल्या. कुणाच्या तरी डोक्यात आलं की भरपाई समारंभानं द्यावी. ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, मंडप घातला, पाहुणे आले, शाली आल्या. दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक करून घेतला. रक्कम मंजूर व्हायची होती, पण पुठ्ठा मंजूर झाला होता. पोराला मंचावर चढवलं. कुबड्या दोन, हात दोन, आणि समोरून तो चेक आला. कुठली कुबडी सोडावी हे त्याला कळेना. फोटोवाला म्हणाला, "हसा जरा." पोरानं डावी कुबडी सोडली, आणि त्याच क्षणी त्याच्या डोळ्यांत जे आलं ते पुन्हा एकदा झाडावरून पडणाऱ्या माणसाचं होतं. मागून कुणीतरी त्याचा शर्ट गच्च धरून ठेवला. फोटो छापून आला. नीट बघितलं तर पाहुण्यांच्या आणि पोराच्या मध्ये एक बिनमाणसाची मूठ दिसते.

पण मला लिहायचं आहे ते निखिलबद्दल.

निखिल मालवणचा. वय एकोणीस. वडील गोव्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात, आई शालन बंदरावर मासळी विकणारी. पावसाळ्याची बंदी उठून मासेमारी सुरू झाली तेव्हा तो पहिल्यांदा ट्रॉलरवर खलाशी म्हणून चढला आणि महिना भरायच्या आत त्याचा उजवा हात मनगटाच्या वर गेला.

ट्रॉलरच्या मागे जाळं असतं, ते दोन लोखंडी वायरींनी ओढतात. त्या वायरी गुंडाळायला बोटीवर एक मोठं रीळ असतं, त्याला विंच म्हणतात. इंजिनाच्या जोरावर ती फिरते. वायर कधी एकाच बाजूला साचत जाते, मग तिला सारखी करत राहावं लागतं. जुना माणूस ते लोखंडी सळीनं करतो. नवा माणूस हातानं करतो, कारण सळी उचलायला वेळ जातो आणि आपण वेळ घालवलेला कुणाला दिसू नये असं नव्या माणसाला वाटत असतं. निखिलच्या सदऱ्याची बाही वायरीत गेली. इंजिन बंद करेपर्यंत विंच थांबत नाही. याहून जास्त मी कुणाला विचारलं नाही, आणि जे न विचारता कळलं ते लिहिणार नाही.

इस्पितळात तो खाटेवर बसून होता. पांढरी गुंडाळी त्यानं चादरीखाली घातली होती, पाहुणे आल्यावर आपण बाहेरची चप्पल आत सरकवतो तशी. शालन पायथ्याशी बसलेली. मी कोण ते सांगितल्यावर दोघंही ताठ झाली.

"तुझा पगार किती होता?"

"काय्येक नाय," निखिल म्हणाला.

मला वाटलं, दुखण्यात आहे, समजलं नसेल. मी आईकडे बघितलं.

"खराच काय नाय, साहेबानू," शालन म्हणाली. "पयलो वाटो देवाचो."

मग हळूहळू उलगडा झाला. त्या बोटीवर ठरलेला पगार नव्हता, वाटे होते. डिझेल-बर्फाचा खर्च काढून उरेल त्यातलं निम्मं बोटीचं, निम्मं खलाशांचं. खलाशांच्या निम्म्यात तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, दोन वाटे. विंचवाल्याला दीड. इतरांना एक एक, आणि शिकाऊ पोराला अर्धा. पण तो अर्धा वाटाही पहिल्या महिन्यात त्याच्या हातात पडत नाही, ग्रामदेवतेला जातो. नव्या माणसाचा दर्याशी झालेला सोयरसंबंध देवाच्या कानावर घालायचा, अशी त्यामागची कल्पना. पोर घरी नेतं ते फक्त कालवणापुरतं निस्तं, म्हणजे मासळी.

तांडेल होता इब्राहिम, सगळ्यांचा इब्राहिमचाचा. ही देवाच्या वाट्याची रीत सगळ्यात कडक तोच पाळायचा. नव्या पोराचा वाटा स्वतः देवळाच्या पायरीपर्यंत नेऊन गुरवाच्या हातात द्यायचा. एकदा मी त्याला त्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "दर्यात एका देवान भागणा नाय, साहेबानू. सगळ्यांचे लागतत."

निघताना निखिलनं मला थांबवलं. "काका, माका बोटीर परत घेतीत मा?"

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

मी अहवाल पाठवला. कोल्हापूरहून वरिष्ठांचं उत्तर आलं: 'वेतन निरंक असल्याने नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवत नाही.' निरंक हा शब्द मला सरकारी भाषेतला सगळ्यात थंड शब्द वाटतो. शून्य म्हटलं की निदान काहीतरी गोल तरी डोळ्यांसमोर येतं.

इथे कायद्याची एक बारीक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कामाला लागून महिनाही झालेला नसेल तर अपघातात सापडलेल्या माणसाला स्वतःला काय मिळत होतं हे बघायचंच नसतं. त्याच मालकाकडे तेच काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाला काय मिळतं ते बघायचं आणि तो पगार धरायचा. कायदा करणाऱ्याला नवीन माणूस कसा नागवला जातो हे ठाऊक होतं. म्हणजे निखिलचा पगार निरंक नव्हता. प्रश्न एवढाच होता की तो 'तेच काम' म्हणजे कुठलं काम करत होता. मासळी निवडणारं शिकाऊ पोर धरलं तर अर्धा वाटा. विंचवाला धरला तर दीड. एकोणिसाव्या वर्षी तुटलेल्या हाताची रक्कम त्यानं तिपटीनं बदलणार होती.

आणि तो विंचवर होता असं म्हणायला कुणी तयार नव्हतं.

मालक म्हणाला, मी किनाऱ्यावर होतो. दोघा खलाशांनी समुद्राकडे पाठ होती म्हणून सांगितलं. बोटीवर समुद्राकडे पाठ कशी करतात ते मी विचारलं नाही. मी इब्राहिमच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं चहा आणला. तो बसला नाही, खांबाला टेकून उभा राहिला.

"तो मासळी निवडी होतो," तो म्हणाला. "विंचकडे कसो गेलो, माका म्हायत नाय."

"कुणी पाठवल्याशिवाय गेला?"

"पोर तां. हात वळवळतत."

बायको आतून म्हणाली, "खरा काय तां सांगा मेल्यानू."

"तू गप रव!" मग माझ्याकडे वळून अगदी खालच्या आवाजात, "साहेबानू, पोलीस येतले काय? नवो पोर विंचवर उभो केलंय असा लिवलात तर माका आत घालतीत?"

त्याला खोटा धीर द्यायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण पोलीस येणारच नाहीत असं मी सांगू शकत नव्हतो. चहा मी अर्धाच प्यालो. कपबशी खाली ठेवताना तिचा आवाज झाला आणि दोघंही दचकली.

मग निखिलला भेटलो. तोही तेच बोलला. "माझीच चूक. मी आपणच गेलंय." मागे शालन डोळ्यांना पदर लावून होती. मी त्याला समजावलं की बाबा रे, खरं सांगितलंस तर तुझंच भलं आहे. त्यानं मान हलवली.

"चाचाक पोलीस नेतले. मगे माका बोटीर कोण घेतलो?"

म्हणजे सगळेजण घाबरलेले, आणि प्रत्येकजण वेगळ्याच गोष्टीला. तांडेल तुरुंगाला, मालक वाढीव हप्त्याला, आई नजरेला, कोल्हापूरचे साहेब लेखापरीक्षणाला. आणि ज्याचा हात गेला तो फक्त, आपल्याला पुन्हा समुद्रावर नेणार नाहीत, याला. मीही घाबरलो होतोच. कोल्हापूरला कलम कळवलं, त्यावर 'चर्चा करा' असा शेरा आला. कंपनीच्या भाषेत चर्चा म्हणजे वकील.

प्रकरण ओरोसला भरपाई आयुक्तांपुढे उभं राहिलं. हे आयुक्त म्हणजे न्यायाधीशच, फक्त त्या कामापुरती पाटी वेगळी. आमच्या कंपनीचा वकील कोल्हापूरहून आला होता. तरुण, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे दुसऱ्याला कळेपर्यंत चैन न पडणारा. निखिलतर्फे कुडाळच्या एक वकीलबाई होत्या, बोलायच्या कमी. मी मागच्या बाकावर कंपनीच्या बाजूला बसलो होतो. पलीकडे शालन आणि निखिल. निखिलनं लांब बाह्यांचा सदरा घातला होता आणि रिकाम्या बाहीचं टोक खिशात खोचलं होतं.

इब्राहिम साक्षीला उभा राहिला. धुतलेला सदरा, टोपी, हातात रुमाल. आधी तो कचेरीतल्या मराठीत बोलला. "साहेब, तो मुलगा मासळी निवडत होता. विंचकडे तो कधी गेला मला माहीत नाही." पाठ केलेलं होतं. ते बोलताना तो कुणाकडेच बघत नव्हता. वकीलबाईंनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि त्या खाली बसल्या. मला वाटलं, संपलं.

आमच्या वकिलानं तिथेच थांबायला हवं होतं. अर्ध्या वाट्यावर प्रकरण मिटत होतं. पण त्याला निरंक हवं होतं.

"तुम्ही या मुलाला पैसे किती दिलेत?"

"काय्येक नाय. म्हणजे, काही नाही."

"काही नाही. कारण तो काम करतच नव्हता. बरोबर? बोटीवर नुसता येत होता. फिरायला. मालवणात पर्यटक येतात तसा."

कुणीतरी हसलं. इब्राहिमनं पहिल्यांदा मान वर केली.

"कोण? निखिल?"

"हो, निखिल."

"साहेबानू," आता कचेरीची मराठी गळून पडली होती, "पर्यटक बोटीच्या टोकार उभे रवान फोटो काढतत आणि मागसून ओकतत. ह्यो पोर पयल्या दिसापासून माझ्याबरोबर उभो आसा. बर्फ फोडल्यान, जाळा ओढल्यान, हाताची सालां गेली तरी बोलूक नाय. माझ्या बोटीर फुकट कोण बसणा नाय. तुमी इलात तर तुमकाय बसूक देवचंय नाय."

पुन्हा हसू पिकलं, यावेळी वकिलावर. तो लाल झाला.

"मग सांगा ना! एवढं काम करत होता तर नेमकं कुठलं काम करत होता?"

इब्राहिमनं निखिलकडे बघितलं. निखिलनं मान हलवली, अगदी थोडी. नको. मी ते बघितलं, शालननं बघितलं. तिनं पोराचा उरलेला हात घट्ट धरला, पण तो नको म्हणून की हो म्हणून ते मला आजही सांगता येणार नाही. इब्राहिमच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता.

"निखिल विंचवर होतो," तो म्हणाला.

"मोठ्यानं सांगा," आयुक्त म्हणाले.

"विंचवर होतो. विंचवालो तापान घरी निजलेलो. मीयाच उभो केलंय त्येका. बरो करी होतो काम. माझ्या विंचवाल्यापेक्षा बरो."

लघुलेखकानं आयुक्तांकडे बघून विचारलं, शेवटचं वाक्यही घ्यायचं का? आयुक्त काही म्हणायच्या आत इब्राहिम म्हणाला, "तांच पयला लिवा."

आदेश निखिलच्या बाजूनं लागला. विंचवाल्याचा दीड वाटा पगार म्हणून धरला गेला. एवढंच नव्हे तर रोजचं कालवणाचं निस्तंही त्याची किंमत करून पगारात मिळवलं, कारण मालकाकडून मिळणारी वस्तूही कायद्यानं पगारच असते. मग टक्क्यांचा प्रश्न. परिशिष्टात हाताला शंभर टक्के नाहीत. पण मासे मारणाऱ्याला एका हातानं ते काम करता येत नाही, म्हणून त्याची कमावण्याची सगळीच ताकद गेली असं धरावं, हे वकीलबाईंचं म्हणणं मान्य झालं. कोल्हापूरनं तोंड वाकडं केलं आणि पैसे भरले. मला वाटलं, आयुष्यात एक हिशेब तरी बरोबर लागला.

आदेशात एक वाक्य होतं. सदर इसम मासेमारीच्या कामास कायमस्वरूपी पूर्णतः असमर्थ आहे. हे वाक्य नसतं तर रक्कम तेवढी झाली नसती. शालननं आदेशाची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवांच्या फोटोमागे ठेवली. निखिलनं ती आधी वाचली होती.

इब्राहिमकडे पोलीस आले, जबाब घेऊन गेले, पुन्हा फिरकले नाहीत. मालकानं मात्र पुढच्या हंगामाला दुसरा तांडेल बघितला. इब्राहिम बंदरावर लोकांची फाटलेली जाळी शिवायला बसू लागला.

निवृत्त झाल्यावर मी मालवणात घर केलं. मासळी आणायला स्वतः जायचं, ही बरीच वर्षं मनात धरलेली चैन. एका सकाळी बंदरावर गेलो तर एका उपड्या होडीच्या आडोशाला इब्राहिम आणि निखिल बसलेले दिसले. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. निखिलनं जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं होतं, दुसरं खुंट्या हाताखाली दाबलं होतं, आणि डाव्या हातात जाळं शिवायची सुई. ती सुई इतकी सरसर चालली होती की मी थबकलो. दोन हातांच्या माणसांना मी इतकं झरझर शिवताना बघितलेलं नाही. त्याचा चेहरा शांत होता. इस्पितळात, कोर्टात, कधीच तो मला तसा दिसला नव्हता.

मी पुढे झालो. इब्राहिमनं मला बघितलं आणि तो खोकला. निखिलच्या हातातली सुई वाळूत पडली. त्यानं जाळं पायाखालून ढकललं, खुंटा हात सदऱ्यात घातला आणि तो समुद्राकडे बघत बसला. कामाचा माणूस रिकामा बसला की किती खोटा दिसतो.

"काय निखिल, कसा आहेस?" मी म्हणालो. या वेळी हे विचारायला मला कुठल्या रकान्याची गरज नव्हती.

"बरो आसय."

"जाळं छान शिवतोस."

"मी?" त्याचा चेहरा पांढरा पडला. "मी नाय, काका. मी हयसर नुसतो बसतंय."

"मीयाच शिवतंय सगळी," इब्राहिम म्हणाला. कोर्टात सगळं खरं सांगून बसलेला माणूस माझ्या डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलत होता. "ह्येका काय येता? एक हात."

मी वाळूत बसलो. त्यांना सांगितलं की मी आता नोकरीत नाही. सांगितलं की एकदा दिलेली ठोक भरपाई कंपनी परत मागू शकत नाही. असमर्थ म्हणजे हातावर हात धरून बसलं पाहिजे असा कायदा नाही. तू काम केलंस म्हणून कुणी काही करणार नाही. अगदी साध्या भाषेत, दोनदा सांगितलं. निखिलनं नीट ऐकून घेतलं.

"तुमी बरे आसात, काका," तो म्हणाला. "पण कागदार लिवला हा मा, असमर्थ म्हणान. कोणी मोबाइलवर माझो फोटो काढल्यान तर? आवशीन त्या पैशान घराचा छप्पर घातला. तां परत खंयसून काढतलंय?"

"कुणी येणार नाही रे."

"तुमी इलात मा," तो म्हणाला.

इब्राहिमनं सुई वाळूतून उचलली, फुंकरली आणि माझ्यासमोर जाळं शिवायला घेतलं. म्हाताऱ्याला धड दिसत नव्हतं. तीन टाके चुकले. निखिलची नजर त्या टाक्यांवर खिळली होती आणि त्याची डावी बोटं मांडीवर नुसतीच हलत होती.

पुढे दोन-तीनदा गेलो तेव्हाही तसंच. लांबून खोकल्याचा आवाज यायचा आणि मी पोचेपर्यंत एक तरुण माणूस समुद्राकडे बघत रिकामा बसलेला असायचा. मी मासळीचा भाव करत उभा असेपर्यंत तो तसाच बसून राहायचा. श्वासही मोजून घेतल्यासारखा.

आता आमच्याकडे मासळी कुडाळच्या बाजारातून येते, बर्फातली. बायको विचारते, मालवणात राहून ही शिळी सुरमई कशाला? मी तिला सांगतो, वाळूत चालून गुडघे दुखतात.

गुडघे ठणठणीत आहेत. मी बंदरावर गेलो नाही की दुपारपर्यंत त्या पोराचं एक जाळं शिवून होतं.